उद्या ये गो, उधारी लिहायची आहे

खाडीकाठ
२४ मे २०२५, रात्री १०.१५

बारावीचा निकाल लागून तीन आठवडे होत आले. कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिला. दहावीलाही ९८.८२ टक्क्यांनी पहिला. ही बातमी वाचली की ऊर भरून येतो आणि लगेच मनात येतं, एवढ्या पास झालेल्या मुली पुढे जातात कुठे? आमच्या वाडीतल्या मला माहीत आहेत. दोघी काजूच्या कारखान्यात, एक मुंबईला मामाची मुलं सांभाळायला, एकीचं लग्न. चौघीही चांगल्या मार्कांनी पास झालेल्या.

हा धागा एका मुलीसाठी काढतेय. नाव, गाव, वाडी लिहीत नाही. कोणाला ओळख पटली तरी इथे काही लिहू नका, हात जोडून विनंती. मुलगी साडेसतरा वर्षांची आहे. बारावी सायन्सला ७१ टक्के. वडील बोटीवर खलाशी, पितात, हात उचलतात. दोन वर्षांपूर्वी आई धाकट्या मुलाला घेऊन माहेरी गेली, ती परत आली नाही. ही आजीसाठी मागे राहिली. कॉलेजातल्या एका बाईंनी सीईटीचा फॉर्म भरून घेतला म्हणून परीक्षा तरी झाली. तिला दापोलीला कृषीला जायचंय. बापाच्या डोक्यात विरारचं एक स्थळ आहे.

मी यात का पडतेय, तर मी तशाच घरातली आहे. माझे वडीलही बोटीवर. बाहेरच्यांना वाटतं पावसाळा म्हणजे कोकण हिरवंगार. आमच्या घरात पावसाळ्याची भीती असायची. १ जूनला मासेमारी बंद झाली, बोटी वर ओढल्या की बापूस दिवसभर घरात. हाताला काम नाही, उचल खाऊन संपलेली, आणि संध्याकाळी सात वाजले की आई आम्हाला मागच्या पडवीत बसवायची. विळी आणि कोयता आधी लपवायचा, हे मला सातव्या वर्षीच माहीत होतं.

शेजारी एक मावशी होत्या, मासे विकणाऱ्या. हर्णैच्या लिलावातून माल उचलायच्या आणि टोपली घेऊन गावोगाव फिरायच्या. पावसात ताजी मासळी नसायची, तेव्हा सुकट, सोडे, बोंबील. पावसाळ्यात सगळा धंदा उधारीवर चालतो. मावशींना अक्षरओळख नव्हती, सगळा हिशेब तोंडी. मी सातवीत असताना एका संध्याकाळी त्यांनी हाक मारली, शंभर पानी वही पुढे टाकली आणि म्हणाल्या, "मी सांगते तसं लिही." मी लिहिलं. निघताना म्हणाल्या, "उद्या ये गो, उधारी लिहायची आहे."

त्यानंतर सहा वर्षं रोज संध्याकाळी सात ते नऊ मी त्यांच्या ओटीवर होते. आधी उधारी, मग माझा अभ्यास, मग भात आणि सुक्याचं कालवण. त्यांनी मला एकदाही हुशार म्हटलं नाही. माझ्या वडिलांबद्दल चांगलं-वाईट एक अक्षर काढलं नाही. मी गेले नाही तर वही कोरी राहील आणि मावशींचे पैसे बुडतील एवढंच मला माहीत होतं. घरात मी खायला जादा तोंड होते. त्या ओटीवर माझ्यावाचून अडत होतं. सात ते नऊ ही वेळ त्यांनी जाणून निवडली होती, हे कळायला मला तिशी उजाडावी लागली.

आज मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. बी.कॉम. झाले. आईला जवळ आणलं.

तर आता या मुलीसाठी मी नेमकं काय करू? "खूप शिक, मोठी हो" एवढं म्हणून मला थांबायचं नाहीये. १ जूनला आठ दिवस उरलेत. ज्यांनी असं कुणाला उभं केलंय किंवा जे स्वतः उभे राहिलेत त्यांनी लिहा.


सुरंगीचो वळेसर
२४ मे, रात्री ११.०२

गो बाय, वाचून डोळ्यात पाणी इला. माझो बापूस आंब्याच्या बागेत राखणदार होतो. पियाचो. आवस मी नववीत असताना गेली. दहावीक माका ८१ टक्के गावले. वाडीच्या मंडळान गणपतीत सत्कार केल्यानी. माईकवर एक जण बोललो, "बापूस असलो असूनसुद्धा ह्या चेडवान नाव काढल्यान!" सगळ्यांनी टाळये वाजवल्यानी. माझो बापूस मागे खांबाक टेकान उभो होतो. त्या दिवशी तो पिऊन नाय इल्लो. आंघोळ करून, धुतलेलो शर्ट घालून इल्लो. ता वाक्य आयकान मुकाट निघान गेलो.

(पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून प्रमाण मराठीत लिहिते.) नारळ आणि कंपासपेटी तिथेच ठेवून मी त्यांच्यामागे धावले. त्या दिवसापासून कौतुक या गोष्टीची मला धास्ती बसली. कोणी माझं कौतुक केलं की त्यात माझ्या घरावर एक दगड असायचाच. "त्या घरातली वाटत नाहीस हो." "चिखलात कमळ." अरे, त्या चिखलातच माझी आई होती, माझा बाप होता. शुद्धीत असला की तो फणस फोडून मला निवडून गरे द्यायचा. तो दारू प्यायचा आणि मला तो हवा होता, दोन्ही खरं आहे. माझ्या बाजूने उभं राहायचं असेल तर माझ्या बापाविरुद्ध साक्ष का मागता?

तुमच्या मावशींनी सहा वर्षांत वडिलांबद्दल चकार शब्द काढला नाही, तिथे मी थांबले. तेवढं तरी या मुलीला द्या.


करवंद
२५ मे, सकाळी ७.४०

दोन्ही अनुभव मनाला लागले. पण स्पष्ट लिहिते, राग मानू नका. धीर देणारे पुष्कळ असतात, दाखला काढून देणारा एकही नसतो. मी सरकारी दाखले काढून देणाऱ्या सेतू केंद्रात काम करते. जून-जुलैत अशा मुली एकट्या येतात, हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात आधार कार्ड आणि मार्कशीट. बाकी काही नसतं.

मुलींच्या फीचं आता मोठं काम झालंय. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत हवं. कृषीची पदवीही त्यात येते. म्हणजे फी हा अडसर उरला नाही. पण फी माफ करून घ्यायला उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात पडताळणी. त्यासाठी बापाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो, रेशन कार्ड लागतं. हे सगळं बापाच्या ट्रंकेत असतं आणि ट्रंकेची किल्ली बापाच्या करगोट्याला.

आईशी बोलणं तुटलेलं, बापाशी बोलायची भीती, अशी मुलगी सरळ म्हणते, "मला नाही शिकायचं." मग बाहेरचे म्हणतात, तिला आवडच नाही. आवड असते हो! तिला ट्रंकेपर्यंत जाता येत नाही.

खाडीकाठ, तुम्ही पहिली त्या ट्रंकेची व्यवस्था करा. आणि जात पडताळणीचं काय झालंय ते आजच विचारा. बारावी सायन्सला असताना कॉलेजने अर्ज भरून घेतला असेल तर अर्धी चिंता मिटली.


खाडीकाठ
२५ मे, दुपारी १.२०

सुरंगीचो वळेसर, तुमचं लिहिलेलं मी तीनदा वाचलं. कालच मी तिला म्हणाले होते, "बापाचा विचार करू नकोस." ती गप्प झाली होती, आणि मला वाटलं लाजली.

करवंद, पडताळणीचा अर्ज अकरावीत भरलाय, प्रमाणपत्र आलेलं नाही. बाकी कागद ट्रंकेत, तुम्ही म्हणता तसंच. किल्ली करगोट्यालाच.


वाटसरू रायगड
२५ मे, दुपारी ३.०५

ताई, हेतू चांगला आहे यात शंका नाही. पण दुसऱ्याच्या घरात किती शिरायचं याचा विचार करा. उद्या त्या माणसाने दारात येऊन शिव्या घातल्या, मुलगी पळवली म्हणून तक्रार दिली, तर वाडीतलं कोण तुमच्या बाजूने उभं राहील? आमच्याकडे एका शिक्षिकेला असाच त्रास झाला. शेवटी तिने बदली मागून घेतली. मुलीचं लग्न झालंच.


खाडीकाठ
२५ मे, दुपारी ४.३०

तुमची काळजी समजते. शिक्षिकेचं वाचून वाईट वाटलं. पण मावशींनी असाच विचार केला असता तर मी आज कुठे असते? माझे वडील त्यांच्या ओटीवरही आले होते तमाशा करायला, एकदा नाही, अनेकदा. मावशी टोपलीतला सुरा बाजूला ठेवून उठायच्या आणि म्हणायच्या, "पोरगी माझं काम करते. तिचा हिशेब संपू दे, मग ने." त्यांनी मला ठेवून घेतलं नव्हतं, कामाला बोलावलं होतं. काम होतं म्हणून वडिलांनाही घराची अब्रू गेल्यासारखं वाटायचं नाही.


सागवानी
२५ मे, संध्याकाळी ६.१५

मी बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करते. थोडक्यात लिहिते, पण हे वगळून पुढे जाऊ नका.

मुलगी १८ च्या आतली आहे आणि मार खातेय. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तो तिला तोंडपाठ हवा. १८ पूर्ण झाल्यावर महिलांसाठीचा १८१. लग्नाची हालचाल दिसली तर गावचे ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि अंगणवाडी सेविका त्यांच्या मदतीला असते. घरात राहणं धोक्याचं झालं तर जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे. वाटसरू यांनी लिहिलेली भीती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे एकटीने काही करायचं नाही. पहिल्या दिवसापासून अंगणवाडी ताई किंवा पोलीस पाटील यांच्या कानावर घाला. मुलीला रात्री स्वतःच्या घरी परस्पर ठेवून घेऊ नका.

आणखी एक. आई धाकट्याला एकटी सांभाळत असेल तर त्याच्यासाठी बालसंगोपन योजनेत महिना २२५० रुपये मिळू शकतात. तालुक्याला चौकशी करायला सांगा. मोठ्या बहिणीच्या जिवाला भावाचा घोर असतो, आणि तो कमी झाला की तिचे पाय हलतात. हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय.


जुना मास्तर, लांजा
२५ मे, रात्री ९.५०

चौतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं. आज एक गोष्ट कबूल करतो. ती मी घरीही कोणाला सांगितलेली नाही.

१९९६ च्या सुमारास माझ्या वर्गात एक मुलगी होती. नववीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी. दहावीत घसरली. मी तिला स्टाफरूममध्ये बोलावून मोठ्या कळकळीने सांगितलं, "घरचं घरी ठेव. शाळेत आलीस की सगळं विसर. तुझ्यासारख्या हुशार मुलीने असं करायचं नसतं." मी तिला प्रोत्साहन देतोय असंच मला वाटत होतं. ती मान हलवून गेली. सहामाहीनंतर शाळेत आलीच नाही. नंतर कळलं, रात्री घरात झोपता येत नव्हतं म्हणून ती गोठ्यात झोपायची. दिवा नव्हता. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तू अभ्यासाला बसतेस कुठे.

त्यानंतर मी प्रत्येक वर्गात जूनमध्ये हाच प्रश्न पहिला विचारत आलो. "अभ्यासाला कुठे बसता?" मुलं खरं सांगतात. कोणी म्हणतं पडवीत, कोणी देवळात, कोणी म्हणतं बसत नाही. मग मुख्याध्यापकांशी भांडून संध्याकाळी एक खोली उघडी ठेवायला लागलो. शिपाई आठ वाजेपर्यंत थांबायला तयार झाले, त्यांचे उपकार मोठे. त्या खोलीत मी काही शिकवत नसे. वही तपासत बसायचो. मुली यायच्या, दूरवरच्या वाड्यांतल्याही. परतताना चारपाच जणी मिळून बॅटरी घेऊन जायच्या.

खाडीकाठताई, तुमच्या मावशी न शिकता जे जाणत होत्या, ते मी बी.एड. करून मुलीचं वर्ष वाया गेल्यावर शिकलो.


किनारा सोडलेली
२६ मे, सकाळी ६.३०

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. मला मदत खूप मिळाली, भाग्याने. काकू, शिक्षक, डॉक्टर, सगळ्यांनी हात दिला. आणि प्रत्येक जण शेवटी म्हणायचा, "तू शिकलीस की घर वर काढशील." मी शिकले. नर्स झाले, मुंबईत नोकरी लागली. पहिल्या पगारापासून बापाचं कर्ज, भावाची रिक्षा, पुन्हा बापाचं कर्ज. एकतिसाव्या वर्षी रात्रपाळीत कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून खाली बसले आणि मला उठता येईना. अंगात दुखणं काही नव्हतं. नाही म्हणायचं कसं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

तिला असं काही म्हणू नका. घर वर काढायची जबाबदारी साडेसतरा वर्षांच्या पोरीची नाही. तिला सांगा की तू कृषीला जा कारण तुला झाडं आवडतात. तेवढं कारण पुरेसं आहे. तिला झाडं आवडतात ना?


खाडीकाठ
२६ मे, सकाळी ८.१०

आवडतात. परसात तिने कोकमाची कलमं बांधलीत, स्वतः बघून बघून शिकलेली. सात बांधली, चार जगली. तीन का मेली ते ती अर्धा तास सांगत होती. मी ते लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. आज संध्याकाळी जाऊन पुन्हा विचारते.


मनोगत
२६ मे, रात्री १०.४०

मी मानसशास्त्राची प्राध्यापक आहे, सिंधुदुर्गात. मावशींच्या वहीबद्दल वाचल्यापासून एक अभ्यास सारखा आठवतोय, तो सांगते.

हवाई बेटांमध्ये कौआई नावाचं एक बेट आहे. १९५५ साली तिथे जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, दारू, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत एकदमच सापडलेली काही मुलं होती. त्यातली एक तृतीयांश मुलं धडधाकट, कामसू, माणसांत रमणारी मोठी झाली. या मुलांच्या आयुष्यात काय सापडलं? निदान एक तरी मोठं माणूस, जे टिकून राहिलं. आजी, शेजारी, शिक्षक, कोणीही. दुसरं असं की त्यातल्या बऱ्याच जणांवर लहानपणी कसली तरी खरी जबाबदारी होती, त्यांनी ते काम केलं नसतं तर कोणाचं तरी अडलं असतं. म्हणून मावशींची वही मला इतकी महत्त्वाची वाटते.

आणि हे "किनारा सोडलेली" यांच्यासाठी, आणि इथे वाचत असलेल्या पण न लिहिणाऱ्यांसाठी. वयाच्या अठराव्या वर्षी घसरलेल्या मुलांपैकीही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले होते. कोणी पुन्हा शिकायला गेलं, कोणाला चांगला जोडीदार मिळाला, कोणाला एखाद्या श्रद्धेचा आधार. सुटलेलं वर्ष म्हणजे सुटलेलं आयुष्य नव्हतं.

"हुशार आहेस" या कौतुकावरही प्रयोग झालेत. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांच्या बुद्धीची स्तुती केली, काहींच्या मेहनतीची. पुढची कठीण कोडी चुकल्यावर बुद्धीची स्तुती झालेल्यांनी लवकर हात टेकले. मेहनतीची झाली होती ती मुलं चिकटून राहिली. खाडीकाठ, तीन कलमं का मेली हे विचारायला तुम्ही परत गेलात, तेच करत राहा.


देवरुखकर
२७ मे, दुपारी १२.१५

आपल्याच मातीतलं एक उदाहरण. आमच्या देवरुखची गोदूबाई जोशी, बालविधवा. सासरी राबण्यात आयुष्य जायचं. भाऊ नरहरपंतांनी तिला मुंबईला नेलं आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं तेव्हा तिथे घातलं. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. कर्व्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्याच कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि गोदूबाई, म्हणजे बाया कर्वे, त्यासाठी गावोगाव हिंडून पैसे गोळा करत राहिल्या. सगळे कर्व्यांचं नाव घेतात, रास्तच आहे. मला नेहमी तो भाऊ आठवतो. त्याने बहिणीला हाताला धरून घराबाहेर काढलं, एवढी एक गोष्ट केली.

देवरुखातच इंदिराबाई हळबे मावशींनी १९५४ साली मातृमंदिर ही सेवासंस्था सुरू केली. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या. पुढे निराधार मुलींसाठी तिथे गोकुळ नावाचं घर उभं राहिलं.


खाडीकाठ
९ जून, रात्री ९.३०

बरेच दिवस लिहिता आलं नाही. सविस्तर सांगते.

३० मे रोजी मी अंगणवाडी ताईंना घेऊन मावशींकडे गेले. हो, त्याच मावशी. आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, मोतीबिंदू झालाय, धंदा सून बघते. मी म्हटलं, वही लिहायला एक मुलगी हवीय का? मावशींनी मला पूर्ण बोलूच दिलं नाही. "पाठव. सुनेचं अक्षर मला वाचता येत नाही." मावशींना वाचताच येत नाही. सून हसली आणि गप्प बसली.

१ जूनपासून मुलगी रोज जाते. सात ते नऊ. आजीला बरोबर नेते, आजी मावशींशी बोलत बसते. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, तिनेच केलं. आजीला एकटं टाकून ती कुठेही गेली नसती.

ट्रंकेचं असं झालं. मी स्वतः बापाकडे गेले नाही. त्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख, वयस्क आहे, त्याचा शब्द तो मानतो. पावसात सगळे खलाशी सकाळी जाळी दुरुस्त करायला बसतात, तेव्हा तो शुद्धीत असतो. तांडेल सगळ्यांसमोर काही बोलला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, "पोरीला कागद हवेत. दाखले झाले की परत देतील. मी मध्ये आहे." दुपारी बापाने स्वतः ट्रंक उघडली. त्याचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड आणि पहिलीपासूनची तिची सगळी प्रगतिपुस्तकं, पिशवीत गुंडाळलेली. तिलाही माहीत नव्हतं ती तिथे आहेत.

त्याच रात्री तो पिऊन आला आणि अंगणातली चूल लाथेने उडवली. मुलगी मावशींकडे होती म्हणून वाचली. हेही लिहिलंच पाहिजे. त्या रात्री अंगणवाडी ताई आणि पोलीस पाटील दोघेही गेले. आता तिच्या फोनमध्ये पहिला क्रमांक १०९८ आहे.

करवंद, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज तुमच्या सांगण्याप्रमाणे भरला. खूप आभार.


सुरंगीचो वळेसर
९ जून, रात्री १०.२०

ती प्रगतिपुस्तकां वाचून मी ढसाढसा रडलंय. माझ्या बापाशीन काय काय ठेवल्यान होता ता मी कधी बघूकच नाय. तो जावन अकरा वर्सा झाली.

तिका सांगा, त्या पुस्तकांसाठी तेचे उपकार मानूची सक्ती नाय, नि चुलीसाठी तेचो द्वेष करूचीव नाय. तिका जा वाटात ता वाटांदे.


खाडीकाठ
२१ जून, रात्री ८.५५

सीईटीचा निकाल लागला. फार भारी नाही, पण मार्गी लागण्यासारखा आहे. कृषीच्या प्रवेशफेऱ्या सुरू व्हायला अवकाश आहे. पसंतीक्रम भरताना दापोली पहिलं टाकायचं, आणि दुसऱ्या क्रमांकाला काय यावर तिचं आणि माझं दोन दिवस भांडण चाललंय. तिला उद्यानविद्याच हवी. ती माझ्याशी भांडते याचा मला किती आनंद झालाय ते शब्दांत सांगता येत नाही.

जात पडताळणीचं प्रमाणपत्र मिळालं. भावाच्या बालसंगोपनासाठी आईने तालुक्याला कागद दिलेत. त्यानिमित्ताने मायलेकी दोन वर्षांनी फोनवर बोलल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

विरारचं स्थळ अजून मिटलेलं नाही. तांडेल म्हणतो दिवाळीपर्यंत विषय निघणार नाही. दिवाळीपर्यंत तिला अठरा पूर्ण होतील, तेव्हा कायदा वयावर बोट ठेवणार नाही. तोवर ती वसतिगृहात असली पाहिजे, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आहे.

एक प्रश्न सुटलेला नाही. आजी. मुलगी दापोलीला गेल्यावर आजीला कोण बघणार, यावर तिचं पाऊल अडलंय. मावशींची सून म्हणते दुपारचं जेवण आम्ही देऊ. रात्रीचं मी करू शकते. पण बाप घरात असताना आजी एकटी नको.


जुना मास्तर, लांजा
२१ जून, रात्री ९.४०

नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या की बाप बरेच दिवस समुद्रावर असेल. म्हणजे अवघड आहेत ते पुढचे सहा-सात आठवडे. तेवढ्यापुरतं आजीला रात्री मावशींकडेच झोपू द्या. दोघी म्हाताऱ्या आहेत, सोबत होईल. मावशींना विचारून बघा, त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही.

पुस्तकांचा पहिल्या वर्षाचा खर्च माझ्याकडून. तिला माझं नाव सांगू नका.


किनारा सोडलेली
२२ जून, सकाळी ७.१५

माझी मोठी बहीण दापोलीत एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर राहते. कॉलेज सुरू झालं की पहिले काही रविवार मुलींना फार जड जातात, वसतिगृह रिकामं होतं आणि बाकीच्यांचे आईवडील येतात. बहिणीशी बोलले. ती म्हणाली, दर रविवारी दुपारी जेवायला पाठव. बहिणीच्या परसात सहा वर्षांचं रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे, त्याला अजून फळ धरलेलं नाही. नर आहे का काय ते कोणीतरी येऊन बघायला हवंय.

पत्ता तुम्हाला निरोपातून पाठवलाय. तिला मासे चालतात ना ते तेवढं कळवा.